प्लॉटच्या कुंपणापाशी थांबणारा पर्यावरण अहवाल

रिसर्चला येण्याआधी एखादी गोष्ट चिकित्सकपणे वाचायचा सराव हवा असेल, तर मोठ्या ऑफिस कॉम्प्लेक्सचा पर्यावरण अहवाल घ्या. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असे भरपूर अहवाल आणि अर्ज मिळतात. वाचताना एकच प्रश्न विचारत राहा: यांनी अभ्यासाची हद्द कुठे आखली आहे?

आधी नियम बघू. सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार २०,००० चौ.मी. किंवा त्याहून जास्त बांधकामाला पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. पण १,५०,००० चौ.मी.च्या आतल्या प्रकल्पाला पूर्ण ईआयए अहवाल द्यावा लागत नाही. फॉर्म १, फॉर्म १ए आणि संकल्पनात्मक आराखडा, एवढ्यावर छाननी होते. आणि या बांधकाम गटाला जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे शेजारच्या वस्तीत पाणी कुठे तुंबतं हे सांगणारा माणूस या प्रक्रियेत मुळात येतच नाही.

आता मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल डोळ्यांसमोर आणा. मिठी नदीच्या काठची सखल, खाजणाची जमीन भरावाने उंच केली आणि त्यावर ऑफिसं उभी राहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मिठीकाठच्या कुर्ल्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नदीचं खालचं पात्र आक्रसलं, त्यात समुद्राला भरती असली, की फुगवटा वरच्या बाजूच्या वस्तीत जातो. प्लॉटवर मात्र सगळं कोरडं असू शकतं!

इथे थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. एक हेक्टर प्लॉट, ताशी ५० मिमी पाऊस. म्हणजे तासाला ५०० घनमीटर पाणी पडलं. जमीन अर्धी मोकळी असताना अपवाह गुणांक ०.५ धरला तर २५० घनमीटर वाहून जाईल. काँक्रीट आणि फरशी झाल्यावर गुणांक ०.९, म्हणजे ४५० घनमीटर. वाढ २०० ची. एका प्लॉटपुरती ही वाढ ‘नगण्य’ म्हणता येते. पण असे दहा प्लॉट एकाच नाल्याला जोडले की तासाला २,००० घनमीटर जास्तीचं पाणी येतं. दहाही अहवाल आपापल्या जागी बरोबर, आणि नाला मात्र तुंबलेला.

यावर ठरलेलं उत्तर असतं: पावसाच्या पाण्याची टाकी. नीट विचार करा. पाणी वापरायचं असेल तर टाकी भरलेली हवी. पूर अडवायचा असेल तर मुसळधार पाऊस सुरू होताना ती रिकामी हवी. एकच टाकी पाणीबचतीत आणि पूरनियंत्रणात दोन्हीकडे पूर्ण क्षमतेने मोजली असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करा. जुलैच्या मध्यात ती टाकी किती रिकामी असणार, हे अहवालात लिहिलंय का?

विकासकाची बाजूही ऐकायला हवी. अख्ख्या पाणलोटाचा हिशोब एका बिल्डरने का द्यायचा? मुद्दा रास्त आहे. दहा प्लॉटची बेरीज नियोजन प्राधिकरणानेच करायला हवी, आणि ती प्लॉट विकण्याआधी. पण म्हणून बिल्डर सुटत नाही. आजूबाजूच्या चालू आणि नियोजित प्रकल्पांसोबत मिळून होणारा परिणाम फॉर्म १ मध्ये विचारलेलाच आहे. तिथे एका शब्दात ‘नाही’ लिहिलं असेल आणि खाली एकही आकडा नसेल, तर ते उत्तर नाही, ती पळवाट आहे. छाननी समितीने ते तसंच स्वीकारलं असेल तर दोष समितीचाही.

तुमच्या रिसर्चसाठी यातून एक गोष्ट घ्या. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो, कारण काय मोजायचं हे हद्द ठरवते. सिस्टिम बाउंडरी हा शब्द आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात पाठ करतो. कुर्ल्यात तळमजल्यावर राहणाऱ्या माणसासाठी त्याचा अर्थ घरात शिरणारं पाणी असा असतो. कुठलाही अहवाल उघडलात की निष्कर्षाच्या आधी नकाशा बघा. त्यात नाला दाखवलाय का, आणि तो प्लॉटच्या पुढे कुठे जातो?