देह कोणाचा? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचं एक वाचन

आज आपण नव्या करारातलं एक पत्र घेतलं आहे. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, आज करिंथकरांस पहिलं पत्र म्हणून ओळखलं जाणारं. त्यातल्या दोन जागा वारंवार उद्धृत होतात. सहाव्या अध्यायात शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं आहे आणि शरीरानं देवाचं गौरव करावं असं सांगितलं आहे. नवव्या अध्यायात धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचा दाखला देऊन आत्मसंयमनाची गोष्ट केली आहे. तंबाखू सोडा, दारू सोडा, वजन घटवा, व्यायाम करा, असं सांगायचं असलं की उपदेशक या दोन जागांकडे वळतात. सल्ला चांगलाच आहे. पण पत्र खरोखर हेच म्हणतं का, हा आपला आजचा प्रश्न.

आधी शहर बघू. जुनं करिंथ रोमन सैन्यानं इ.स.पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरनं तिथं नवी वसाहत बसवली. त्या वसाहतीत गुलामीतून सुटलेली माणसं मोठ्या संख्येनं आली. दोन बंदरांच्या मधलं व्यापारी शहर, नवा पैसा, नवी प्रतिष्ठा. शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. विजेत्याला मिळायचा तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या सुकलेल्या पाल्याचा मुकुट. पौल या शहरात दीड वर्ष राहिला होता. नंतर इफिसहून, साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यान, त्यानं हे पत्र लिहिलं. तेव्हा धावपटूचा दाखला त्याला कुठून लांबून आणावा लागला नाही. तो करिंथकरांच्या अंगणातलाच होता.

आता सहावा अध्याय. करिंथमधल्या काही जणांचं म्हणणं होतं, आम्हाला सगळ्याची मोकळीक आहे. अन्न पोटासाठी, पोट अन्नासाठी. देहाचं काय ते देहापुरतं, आत्म्याला त्याचा विटाळ नाही. या युक्तिवादावर ते वेश्यांकडेही जात होते. इथं पौल काय करतो ते नीट पाहा. देह वाईट आहे, त्याला दूर ठेवा, असं तो म्हणत नाही. देह तुच्छ मानणारे तर समोरचे लोक आहेत! पौल उलट देहाची किंमत वाढवतो. ग्रीकमध्ये 'सार्क्स' आणि 'सोमा' असे दोन शब्द आहेत. सार्क्स म्हणजे मांस, आणि पौलाच्या लेखनात पुष्कळदा देवाविरुद्ध उभी राहणारी वृत्ती. सोमा म्हणजे शरीर, सबंध माणूस ज्या रूपात जगतो आणि इतरांना भेटतो ते. मंदिर म्हटलं आहे ते सोमाला. मंदिरासाठीचा शब्दही 'नाओस', म्हणजे साधारणपणे आपला गाभारा. नुसतं आवार नव्हे.

आणि एक बारकावा. त्या वाक्यात 'तुमचं' हे अनेकवचन आहे, 'शरीर' मात्र एकवचन. तिसऱ्या अध्यायात तर मंदिराची हीच प्रतिमा सबंध मंडळीसाठी आलेली आहे. म्हणजे 'माझं शरीर, माझं मंदिर, माझी साफसफाई' इतकाच अर्थ काढला, तर वाक्याचा अर्धा भाग हातातून निसटतो. पुढं पौल सांगतो की तुम्ही स्वतःच्या मालकीचे नाही, किंमत देऊन विकत घेतलेले आहात. करिंथच्या श्रोत्यांच्या कानाला ही भाषा बाजाराची, गुलाम विकत घेण्याची होती. त्या मंडळीत गुलामही बसलेले होते, हे याच पत्राच्या सातव्या अध्यायावरून कळतं. ज्याच्या देहावर मालकाचा हक्क चालतो, त्या माणसानं ऐकलं असेल की आपला देह देवाचा गाभारा आहे. ही लहान गोष्ट नव्हती.

पण इथंच आम्हाला एक हरकत नोंदवायची आहे. पौल ज्या वेश्येचा उल्लेख करतो, तिचं काय? त्या काळात अशा अनेक स्त्रिया गुलाम होत्या. आपल्या देहाचं काय व्हावं हे त्यांच्या हाती नव्हतं. पौल ग्राहकाला विचारतो, तुझं शरीर कोणाचं? तिच्या शरीराबद्दल हा प्रश्न तो विचारत नाही. ती दाखल्यापुरती येते आणि जाते. आत्मसंयमनाची शिकवण ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याशीच बोलते, ही तिची मर्यादा इथं स्पष्ट दिसते. जिला निवडच नाही तिला 'देहाची पवित्रता राख' असं सांगण्यात अर्थ तर नाहीच, थोडा क्रूरपणाही आहे. पत्र भक्तिभावानं वाचणाऱ्यांनीसुद्धा ही जागा झाकून ठेवू नये.

आता नववा अध्याय, धावपटूचा. पौल म्हणतो की तो आपल्या शरीराला ठोसे मारतो आणि ताब्यात ठेवतो. ठोशासाठीचा ग्रीक शब्द डोळ्याखाली बसणाऱ्या माराचा, खास मुष्टियुद्धातला. एवढीच ओळ सुटी काढली की देहदंडाचा परवानाच मिळतो. आणि तसं झालंही. पाचव्या शतकात सीरियामध्ये सिमियोन हा तपस्वी तीसहून अधिक वर्षं खांबावर राहिला. त्याच्याही आधी, इ.स. ३२५ च्या निकेयाच्या परिषदेला पहिलाच नियम असा करावा लागला की ज्यानं निरोगी असताना स्वतःला नपुंसक करून घेतलं त्यानं धर्मसेवेत राहू नये. चर्चला असा नियम करावा लागतो याचा अर्थ काय, ते तुम्हीच बघा.

पण ही ओळ येते कुठं? आठव्या अध्यायात वाद आहे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. जाणकार म्हणतात, आम्ही खाऊ शकतो. पौल म्हणतो, खाऊ शकता, पण तुमच्या खाण्यानं दुबळ्या भावाचं मन ठेचकाळत असेल तर नका खाऊ. नवव्यात तो स्वतःचं उदाहरण देतो. मंडळीकडून चरितार्थ घेण्याचा त्याला हक्क होता, तो त्यानं सोडला. आणि मग धावपटू येतो. म्हणजे हा संयम कशासाठी? आपला हक्क असूनही दुसऱ्यासाठी हात आवरता यावा, यासाठी. तो सराव आहे. व्यायामशाळा पौलानं दाखल्यासाठी घेतली, शिकवणीचा विषय म्हणून नव्हे.

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानात इथं आणखी एक अडचण आहे. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत शेवटी 'एंक्राटेया' आहे. त्यासाठी आपल्याकडे 'इंद्रियदमन' हा शब्द रूढ झाला. शब्द भारदस्त आहे, पण त्याच्याबरोबर संन्यास, वैराग्य, इंद्रियांशी युद्ध असं सगळं गाठोडं येतं. मूळ शब्दात दमन नाही, ताबा आहे. दमन म्हटलं की समोर शत्रू येतो. ताबा म्हटलं की लगाम हातात असलेला माणूस दिसतो. शब्द एवढा फरक पाडतो.

विसाव्या शतकात अमेरिकेत या शिकवणीला वेगळंच वळण लागलं. १९५७ मध्ये चार्ली शेड या पाळकांचं पुस्तक आलं, प्रार्थनेनं वजन घटवा अशा अर्थाच्या नावाचं. त्यातून ख्रिस्ती आहारपुस्तकांची एक परंपराच सुरू झाली. तिचा गाभा असा की जादा वजन हे पाप, आणि हे पाप काट्यावर मोजता येतं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चनं 'डॅनियल प्लॅन' सुरू केला. त्यात विश्वास, अन्न, व्यायाम, एकाग्रता आणि मित्र असे पाच आधार सांगितले. मित्रांचा आधार घेतला हे चांगलं, तेवढ्यापुरतं ते पौलाच्या जवळ आहे. पण गंमत बघा. दानिएलाच्या पुस्तकात दहा दिवस भाजीपाला आणि पाणी घेतल्यावर ती चार मुलं इतरांपेक्षा अंगानं भरलेली दिसू लागली, असं लिहिलं आहे. बारीक झाली असं नाही!

अशा पुस्तकांवर आमचा आक्षेप आरोग्याला नाही. आक्षेप आहे मापाला. तंदुरुस्त देह म्हणजे देवाचं गौरव असं ठरवलं, तर आजारी, अपंग, म्हातारा देह कुठं बसवायचा? पौलाच्या स्वतःच्या देहात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, पण निघाला नाही. दुसऱ्या पत्रात तो हे मोकळेपणानं सांगतो. या मापानं पौलसुद्धा नापास होईल.

पौलाचं स्वतःचं माप पुढच्या अध्यायांत आहे. अकराव्यात तो करिंथकरांवर चिडतो, कारण प्रभुभोजनाला एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. बाराव्यात सांगतो की शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे आहेत. याचा अर्थ आपल्या मुलखात कोणी उघड करून दाखवला असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांना अन्न मिळालं, शेती, विणकाम, छपाई शिकायला मिळाली. त्याच रमाबाईंनी पुढं आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. दुष्काळातून आलेल्या मुलीला संयम शिकवायचा नसतो. तिला जेवायला वाढायचं असतं. संयम करायचा तो वाढणाऱ्यानं.

तेव्हा मित्रहो, हे पत्र पुन्हा वाचताना सहावा आणि नववा अध्याय सुटे वाचू नका, बारावा संपेपर्यंत थांबू नका. तंबाखू सुटली तर उत्तमच, सकाळी चालायला जात असाल तर जरूर जा. फक्त त्या आवरलेल्या हातातून पंगतीतल्या कोणाच्या पानात काय पडलं, तेही विचारा. पत्रानं करिंथकरांना विचारलं होतं ते हेच. इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.