सापांचा तक्ता: एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. शाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या तक्त्याचे मात्र कोणी करीत नाही. वास्तविक एखाद्या पुस्तकापेक्षा तो कितीतरी अधिक डोळ्यांखालून जातो. म्हणून या वेळी आम्ही परीक्षणासाठी सापांचा तक्ता निवडला आहे. वाशीम जिल्ह्यातील शाळांतून फिरताना तो आम्हांला अनेक भिंतींवर भेटला. प्रकाशक निरनिराळे, मांडणी बहुधा एकच: वर लाल पट्टीवर 'विषारी', खाली हिरव्या पट्टीवर 'बिनविषारी', प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि त्याखाली एक नाव.

प्रथम तक्त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. बहुतेक साप माणसाला धोकादायक नाहीत, धामण शेतातले उंदीर खाते, या गोष्टी त्याने घरोघर पोचवल्या. तरीही ज्या कामासाठी तो लावलेला असतो, म्हणजे साप ओळखायला शिकवणे, तेथे तो कमी पडतो. कसा, ते पाहू.

मानोरा तालुक्यातील एका शाळेत नववीच्या मुलांनी काठीवर लटकवलेला मेलेला साप आम्हांला दाखवला. "मण्यार मारली, सर!" तो साप कवड्या होता, पूर्णपणे बिनविषारी. मुलांचे निरीक्षण काही वाईट नव्हते. गडद अंग आणि त्यावर पांढरे आडवे पट्टे, एवढे त्यांनी तक्त्याशी ताडून पाहिले होते. पण तक्त्यावर मण्यार वरच्या कोपऱ्यात, कवड्या खालच्या कोपऱ्यात. दोघांची तुलना करावी असे कोठेही सुचवलेले नाही. ती दोन चित्रे शेजारी असती तर काय दिसले असते? मण्यार काळसर निळी, चकाकणारी. तिच्या बारीक पांढऱ्या रेषा बहुधा जोडीजोडीने, डोक्यामागे थोडे अंतर सोडून सुरू होणाऱ्या आणि शेपटीकडे ठळक होत जाणाऱ्या. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीच्या पाठीवरची खवल्यांची मधली ओळ मोठ्या षट्कोनी खवल्यांची असते, कवड्याची तशी नसते. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर चढतो, म्हणून तो घरात वारंवार दिसतो आणि वारंवार मारला जातो.

उलट दिशेची चूक याहून महाग पडते. आश्विनात सोयाबीनची सुडी शेतात लागलेली असते, राखणीला माणूस जागलीवर जातो आणि जमिनीवरच अंग टाकतो. मण्यार रात्री फिरणारी. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. "कवड्या असेल", "किडा चावला असेल" म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पुढे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

आता नावांकडे वळू. तक्त्यावर 'घोणस' असे छापलेले असते. विदर्भात अनेक ठिकाणी याच सापाला 'परड' म्हणतात. घरी परडाचे नाव ऐकून वाढलेल्या मुलाला घोणस हा कोणी वेगळाच, पुस्तकातला साप वाटला तर त्याचा दोष काय? याच्या उलट, 'डुरक्या घोणस' या नावात घोणस आहे, साप मात्र बिनविषारी आहे. जाडसर अंग आणि पाठीवरचे गडद डाग यांमुळे तो खऱ्या घोणशीसारखा भासतो; लोकांनी नाव दिले आणि नावाने चूक पक्की केली. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या डागांच्या तीन ओळी असतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि खरखरीत.

मांडुळाला 'दुतोंड्या' म्हणतात, कारण त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते. या एका नावावर गुप्तधनाच्या कथा उभ्या राहिल्या आणि त्या गरीब प्राण्याची तस्करी सुरू झाली. धामण ही नागाची मादी, हीही समजूत अशीच. नाग पुल्लिंगी, धामण स्त्रीलिंगी. भाषेने जोडी आयतीच जमवून दिली असावी. धामणीच्या जातीतही नर असतात, आणि एकमेकांना वेटाळून उभे राहिलेले ते दोन साप पुष्कळदा झुंजणारे दोन नर असतात, हे कोणत्याच तक्त्यावर आम्हांला दिसले नाही.

मग लोकनावे टाकून द्यावीत का? मुळीच नाही. पॅट्रिक रसेल या डॉक्टरने 1796 साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा चित्रांबरोबर तेलुगू नावेही टिपली. घोणशीसाठी त्याने 'कटुक रेकुला पोडा' असे नोंदवले. पुढे त्याच सापाला जगाने रसेलचे नाव दिले. लोकनाव हा पुरावा आहे, मात्र तो गावासकट नोंदवावा लागतो.

ओळख नीट न पटल्याने विज्ञानाचेही नुकसान होते. अंडीखाऊ साप हा 1863 साली वर्णन झालेला, अत्यंत दुर्मीळ मानला गेलेला साप 2003 मध्ये आपल्या विदर्भातच, वर्धा जिल्ह्यात सापडला. वरवर पाहता तो मांजऱ्या सापासारखा दिसतो. आनुवंशिक तपासणीनंतर 2018 साली त्याला मांजऱ्याच्याच प्रजातीत घालण्यात आले. मांजऱ्या समजून, किंवा नुसताच 'साप' समजून असे किती मारले गेले असतील?

तक्त्याच्या तळाशी असलेले 'ओळखण्याचे सोपे नियम' तर काढूनच टाकावेत. 'त्रिकोणी डोके म्हणजे विषारी' हा नियम लावला तर नाग आणि मण्यार दोन्ही सुटतात आणि मांजऱ्या सापडतो. 'दोन व्रण म्हणजे विषारी दंश' हेही फसवे, कारण कवड्याचे पुढचे दात लांब असतात, आणि मण्यारीचे व्रण कधीकधी दिसतही नाहीत. चित्रांना मोजपट्टी नाही, त्यामुळे हातभर लांबीचे फुरसे आणि मीटरभराहून लांब घोणस एकाच मापाची वाटतात.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र जे छापलेले नाही त्याबद्दल आहे. दंश झाल्यावर साप ओळखण्याची गरज घरच्यांना नसते. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. डॉक्टर लक्षणे पाहून आणि काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही हे तपासून उपचार ठरवतात. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याचा धोका वाढतो. जखम कापू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. एवढ्या चार ओळींना तक्त्यावर जागा हवी.

शिक्षकांनी नव्या तक्त्याची वाट पाहू नये. मुलांना आजीकडून, गुराख्याकडून, जागल्याकडून सापांची नावे गोळा करून आणायला सांगावे. कोणत्या गावचे नाव तेही लिहावे. मण्यार-कवड्या, घोणस-डुरक्या अशा जोड्या शेजारी-शेजारी चिकटवाव्यात आणि फरक मुलांनाच शोधू द्यावेत. हे सारे चित्रांवरूनच. जिवंत काय किंवा मेलेला काय, सापाला हात लावायचा नाही. जोड्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहावे: 'खात्री नसेल तर दूर राहा. चावला असेल तर नाव शोधत बसू नका.'

तो हाताने लिहिलेला कागद छापील तक्त्याच्या शेजारी लावावा. छापील तक्ता काढायची गरज नाही. त्यातल्या चुका शोधणे हा पुढच्या तासाचा अभ्यास होईल.