स्नायुशिथिलकांचा प्रभाव उलटविणाऱ्या औषधांची निवड : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : संपूर्ण भूल, स्नायुशिथिलक, निओस्टिग्मिन, सुगामाडेक्स, तेर.

प्रास्ताविक :
संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेर (जि. धाराशिव) महाराष्ट्राला परिचित आहे. मडके थापटल्याखेरीज त्याचा कच्चेपणा कळत नाही, ही कसोटी गोरोबांनी संतमेळ्यात लावल्याची कथा सर्वश्रुत आहे. शस्त्रक्रियेनंतर स्नायुशिथिलकाचा प्रभाव कोणत्या औषधाने उलटवावा, या चर्चेत नेमक्या अशा कसोटीकडेच दुर्लक्ष होते.

विवेचन :
'स्वस्त निओस्टिग्मिन की महाग सुगामाडेक्स' अशी या प्रश्नाची मांडणी बहुधा केली जाते. ती अपुरी आहे. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखते व वाढलेले ॲसिटिलकोलिन शिथिलकाशी स्पर्धा करते. या वाढीस मर्यादा असल्याने प्रभाव खोल असताना ते अपुरे पडते. शिवाय हृदयगती मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन द्यावे लागते. सुगामाडेक्स हे रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांचे रेणू स्वतःत कोंडून घेते. त्यामुळे खोल प्रभावही त्वरित उलटतो. मात्र ॲट्राक्युरियमवर ते निष्प्रभ ठरते. मूत्रपिंडविकारात ॲट्राक्युरियम पसंत केले जाते. तेथे सुगामाडेक्सचा आग्रह निरर्थक होय. म्हणजेच उलटविणाऱ्या औषधाचा विचार शिथिलक निवडतानाच व्हावयास हवा.

दुसरा मुद्दा मापनाचा. रुग्णाने पाच सेकंद डोके उचलून धरले की समाधान मानण्याची प्रथा आहे. तथापि तेवढ्याने घशाच्या स्नायूंची दुर्बलता नाकारता येत नाही. मनगटाजवळील चेतातंतूस लागोपाठ चार विद्युत्-स्पंद देऊन अंगठ्याच्या चौथ्या व पहिल्या प्रतिसादाचे गुणोत्तर यंत्राने मोजता येते. श्वासनलिकेतील नळी काढण्यापूर्वी ते किमान ०.९ असावे. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हेच मापन शिफारसले आहे. रोक्युरोनियम वा व्हेक्युरोनियमच्या अधिक प्रभावास त्यांनी सुगामाडेक्सला पसंती दिली, गुणोत्तर ०.४ ते ०.९ दरम्यान असल्यास निओस्टिग्मिनही रास्त पर्याय मानला. मापनाविना हा भेद करणे अशक्य आहे.

निष्कर्ष :
जेथे अतिदक्षता विभाग दूर आहे, तेथे अर्धवट उतरलेला प्रभाव अधिक घातक ठरतो. म्हणून ग्रामीण रुग्णालयांच्या खरेदीत महागड्या औषधाआधी मापनयंत्राचा विचार व्हावा. यंत्र अनेक रुग्णांच्या उपयोगी पडते व निओस्टिग्मिनचा वापरही सुरक्षित करते. तसेच गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीस सुगामाडेक्स दिल्यास सात दिवस अन्य साधन वापरण्याची सूचना तिला मराठीतून मिळणे आवश्यक आहे. संमतिपत्रातील 'भूल' या एका शब्दात हे सारे मावत नाही.