सतराव्या वर्षीचे युरोप

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत एका तरुण सभासदाने आपल्या पहिल्या युरोप-प्रवासावर लेख वाचला. पॅरिस, रोम, व्हेनिस अशी दहा-बारा दिवसांची ती सहल होती. पुढे तो लेख या पत्रिकेसाठी आला, तेव्हा संपादनाचे काम माझ्याकडे होते. शासकीय सेवेत इतरांच्या मसुद्यांवर लाल शाई चालविण्यात माझे आयुष्य गेले; ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लूव्र संग्रहालयात ‘मोनालिसा’समोर उभे असताना आपल्याला काहीच वाटले नाही, फक्त पाय दुखत होते, हे त्याचे वाक्य मी ‘अपरिपक्व’ म्हणून गाळले. ‘मजा येऊन गेली’ यांसारखी इंदुरी वळणाची वाक्ये ‘शुद्ध’ केली. लेख निम्मा उरला आणि छापला गेला. लेखकाने तक्रार केली नाही. मात्र त्यानंतर तो बैठकीला आला नाही.

या प्रसंगाची आठवण तीव्रतेने झाली ती रवींद्रनाथांची ‘युरोप-प्रवासीर पत्र’ वाचताना. एका बंगाली शेजाऱ्यांच्या मदतीने ही पत्रे मी मुळातून वाचली. २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘पूना’ नावाच्या बोटीने रवींद्रनाथ मुंबईहून निघाले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. प्रस्थानापूर्वी इंग्रजी रीतिरिवाजांचा परिचय व्हावा म्हणून ते मुंबईत प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा इंग्लंडला जाऊन आलेली होती. तिच्याकडून त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले. युरोपच्या उंबरठ्यापर्यंत त्यांना एका मराठी घराने पोहोचविले, असे म्हणावयास हरकत नाही.

या पत्रांत प्रवासवर्णनाचा थाट जवळजवळ नाहीच. बोट लागल्यामुळे सुरुवातीचे दिवस अंथरुणातच गेले, हे ते मोकळेपणाने सांगतात. सुएझ, अलेक्झांड्रिया, ब्रिंडिसी आणि तेथून आगगाडीने पॅरिस असा हा मार्ग. पॅरिसच्या गगनचुंबी इमारती पाहून ते दिपून जातात, परंतु साडेतीन हात माणसाला एवढी प्रचंड घरे कशाला, असा प्रश्नही त्यांना पडतो. भव्य हॉटेलात त्यांना ढगळ कपडे घातल्यासारखे अवघडल्यागत होते. ‘टर्किश बाथ’ घेणे म्हणजे शरीर धोब्याकडे टाकणे, असा त्यांचा अभिप्राय. त्या वर्षी पॅरिसमध्ये भरलेले जागतिक प्रदर्शन पाहण्यास त्यांना एकच दिवस मिळाला. कलकत्ता विद्यापीठातील शिक्षणाप्रमाणे सर्व काही पाहिले आणि नीट काहीच पाहिले नाही, अशी कबुली ते देऊन टाकतात. मोनालिसासमोर पाय दुखण्याची कबुली याच जातीची नव्हे काय? मी ती खोडली होती.

लंडनबाबत तर निराशाच. धूर, पाऊस, धुके, चिखल आणि लोकांची धावपळ, हेच त्यांचे पहिले दर्शन. इंग्लंड एवढासा देश; त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ग्लॅडस्टनचे वक्तृत्व, मॅक्समुल्लरचे वेदविवेचन आणि टिंडलचे विज्ञान घुमत असेल, अशी कल्पना करून हा मुलगा गेला होता. प्रत्यक्षात स्त्रिया वेषभूषेत आणि पुरुष कामधंद्यात मग्न दिसले. पुस्तकांतून आधीच पाहिलेले शहर आणि पायांखालचे शहर यांतील हे अंतर प्रत्येक प्रथम प्रवाशाच्या वाट्याला येते. प्रौढ लेखक ते विनोदाने किंवा संदर्भांनी झाकू शकतो. ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पु. ल. चाळिशीत होते, तेथील नवलाईला मुरलेल्या लेखणीचे संरक्षण आहे. सतरा वर्षांच्या मुलाजवळ ते नव्हते, म्हणून त्याचा अपेक्षाभंग उघडा राहिला.

या पत्रांतील दोष लहान नाहीत. चार मेजवान्या पाहून संपूर्ण समाजाविषयी निकाल देण्याची घाई त्यांत आहे. दिवाणखान्यातील इंग्रज स्त्रियांवरील शेरे अनेकदा अन्यायकारक आहेत. विलायतेत साहेब बनू पाहणाऱ्या बंगाल्यांची थट्टा चुरचुरीत असली, तरी तिच्यात हुशारीचे प्रदर्शनही आहे. पण पुढे लंडनमध्ये डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबात राहिल्यानंतर त्यांचा सूर बदलतो. त्या घरातील माया आणि गृहिणीची पतिनिष्ठा पाहून, माणसाचा स्वभाव सर्वत्र सारखाच, या निष्कर्षाला ते येतात. आधीची चूक छापलेली नसती, तर ही दुरुस्ती आपल्याला दिसली असती का?

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बंगाली गद्य त्या काळी प्रामुख्याने ‘साधु’ भाषेत लिहिले जाई. ही पत्रे मात्र बोलीच्या चालीवर, ‘चलित’ भाषेत लिहिली गेली आणि १८८१ साली त्याच भाषेत पुस्तकरूपाने आली. घरच्यांना पत्र लिहिताना ग्रंथभाषा वापरणे त्यांना रुचले नसावे. पुढे तीच वाट बंगाली गद्याचा राजमार्ग झाली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावयास हवा. पुण्याची मराठी तेवढी शुद्ध, असे मानून आपण आपल्याच मुलांची जिवंत वाक्ये खोडतो आणि मग मुले मराठीत लिहीत नाहीत म्हणून हळहळतो.

पुढे खुद्द रवींद्रनाथांना या पत्रांची लाज वाटू लागली. १९१२ च्या ‘जीवनस्मृती’त त्यांनी त्यांतील तारुण्यसुलभ फुशारकीबद्दल खेद व्यक्त केला आणि १९३६ साली ‘पाश्चात्य भ्रमण’ या पुस्तकात ती काटछाट करून घेतली. आपल्या लेखनावर लेखकाचा अधिकार असतोच. तरीही येथे मी त्या थोर पुरुषाशी नम्रपणे असहमत आहे. पंच्याहत्तरीच्या ऋषीने सतरा वर्षांच्या मुलाचे कान उपटावेत हे स्वाभाविक आहे. पण ज्या धिटाईने तो मुलगा पॅरिसच्या प्रासादांना प्रश्न विचारतो, तीच धिटाई पुढे त्या ऋषीच्याही कामी आली.

या सर्वात मला अधिक शिकविले ते मोठे बंधू द्विजेंद्रनाथ यांनी. पत्रे प्रथम ‘भारती’ मासिकात आली आणि त्याचे संपादक तेच होते. स्त्रीस्वातंत्र्याविषयी धाकट्या भावाची मते त्यांना मुळीच मान्य नव्हती. त्यांनी मजकूर कापला नाही; छापला आणि सोबत आपला विरोध नोंदविला. धाकट्यानेही माघार न घेता उत्तर दिले. वडीलधाऱ्याचा मतभेद आणि वडीलधाऱ्याची कात्री यांतील फरक मला यातून कळला. पहिल्याने लिहिणारा वादात उतरतो; दुसरीने तो उठून जातो.

माझ्या कपाटात त्या तरुणाच्या लेखाची मूळ प्रत अजून आहे. तिच्यावर माझ्या लाल रेघा आहेत, पण खालची अक्षरे वाचता येतात. त्याची संमती मिळाल्यास तो लेख पुढील अंकात जसाच्या तसा छापावा, अशी मी संपादक मंडळास विनंती केली आहे आणि संमती मागण्यासाठी मी स्वतः त्याच्या घरी जाणार आहे. रोमविषयीचे त्याचे एक मत मला आजही पटलेले नाही. ते मी तळटीपेत लिहीन.