कच्चा लिंबू की फितूर?

वाईट खेळणाऱ्या गड्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. ज्याला खेळताच येत नाही तो ‘कच्चा लिंबू’. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हरायला लागल्यावर डाव मोडणारा ‘रड्या’. आणि आपल्या बाजूला राहून समोरच्यांना जिंकवणारा ‘फितूर’. पहिल्याला सवलत, दुसऱ्याला टोमणा, तिसऱ्याला हकालपट्टी. अंगणात हा निवाडा सोपा होता, कारण गडी ओळखीचे असत. मोबाइलवरील चौघांच्या संघात उरलेले तिघे बहुधा अनोळखी असतात. जखमी साथीदाराला न उचलणे, गाडी कड्यावरून खाली घालणे, ऐन चकमकीत पुतळ्यासारखे उभे राहणे, हे सगळे नवखाही करतो आणि डाव नासवणाराही. मग हेतू ओळखायचा कशावरून?

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण बॅडमिंटनमध्ये सापडते. 31 जुलै 2012 रोजी लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीच्या चीन, दक्षिण कोरिया आणि इंडोनेशियाच्या खेळाडूंनी पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सामने हरण्याचा प्रयत्न केला. सर्व्हिस वारंवार जाळ्यात जात होती. दुसऱ्या दिवशी आठ खेळाडू बाद ठरल्या. इथे पुरावा जाळ्यात गेलेली सर्व्हिस हा नव्हता; तशी सर्व्हिस शाळकरी मुलगीही करते. पुरावा होता तो त्यांची सिद्ध झालेली कुवत आणि त्या दिवशीची कृती यांतील अंतर, आणि हरण्यातला उघड फायदा.

त्याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा ही जोडी गुणांच्या निसटत्या फरकाने गटातून बाहेर पडली. जपानी जोडी चिनी तैपेईविरुद्ध मुद्दाम हरली, अशी तक्रार भारताने केली. ती फेटाळली गेली. फायदा दाखवता येणे आणि हेतू सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑनलाइन खेळांत ‘काउंटर-स्ट्राइक’ने 2013 मध्ये याच्या जवळ जाणारी पद्धत आणली होती. अनुभवी खेळाडूंना संशयिताच्या खेळाचे चित्रण दाखवले जाई, त्याचे नाव झाकून. वाजवी शंकेपलीकडे खात्री पटली तरच दोष, एरवी पुरावा अपुरा. पद्धत चांगली, पण चित्रणात खेळ दिसतो, खेळणाऱ्याच्या भोवतालचे काही दिसत नाही.

मोखाड्यात हीच उणीव बोचते. इथे पोरे रेंज मिळेल तो उंचवटा शोधून खेळतात. पावसाळ्यात वीज गेली, टॉवर बंद पडला, की गडी जागच्या जागी गोठतो. सर्व्हरला एवढेच कळते की हा हलत नाही. रागाने फोन फेकणारा आणि डोंगराआड रेंज गमावलेला, दोघांची नोंद एकच. शहरातला साथीदार ‘मुद्दाम मारलंस’ म्हणून तक्रार ठोकतो. कच्चा लिंबू नाही, रड्या नाही, फितूरही नाही. या चौथ्या गड्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही.

‘गडी’ या शब्दाचा दुसरा अर्थ या जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या वारल्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 च्या वारली उठावाने ती प्रथा मोडली. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना जाणवते की उपाशी माणसाच्या थकव्याला कामचुकारपणा ठरवण्याचा अधिकार नेहमी मालकाकडे असतो. खेळातली तक्रार आणि वेठ यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्याला दुसऱ्याची अडचण दिसत नाही, तो तिला हेतू समजतो, ही सवय दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून निवाड्याचा क्रम असा असावा: आधी भोवताल, मग कुवत, मग चुकांचा साचा, आणि शेवटी हेतू. नवख्याच्या चुका चहूकडे पसरलेल्या असतात आणि सांगितल्यावर थोड्या तरी बदलतात. फितुराची चूक नेमकी असते, ती वर्मावरच बसते, कारण डाव नासवायलाही डाव समजावा लागतो. हे पडताळायला एका सामन्याचे चित्रण पुरत नाही, अनेक सामने पाहावे लागतात. तेवढा धीर नसेल, तर अंगणातला जुना नियम बरा: शंका असेल तिथे गड्याला कच्चा लिंबू माना. एखादा फितूर त्यातून सुटेल. पण निर्दोष गडी डावाबाहेर जाणार नाही.