विजयानंतरचा कामगार

पोलंडचे चित्रपटकार आंद्रे वायदा (१९२६–२०१६) यांनी कामगाराला नायकपद देऊन तीन चित्रपट केले : ‘मॅन ऑफ मार्बल’ (१९७७), ‘मॅन ऑफ आयर्न’ (१९८१) आणि ‘वालेसा : मॅन ऑफ होप’ (२०१३). या त्रयीचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो यथार्थही आहे. तथापि तिन्ही चित्रपट एकत्र ठेवून पाहिले, की एक प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. कामगाराची खरी परीक्षा जेथे सुरू झाली, नेमका तेथेच वायदांचा कॅमेरा का थांबला?

पहिल्या चित्रपटातील मातेउश बिर्कुट हा नोवा हुता या नव्या पोलादनगरीतील गवंडी. विक्रमी वेगाने विटा रचल्याबद्दल राज्यसत्ता त्याचा संगमरवरी पुतळा घडवते. आरोपी ठरलेल्या मित्राची बाजू तो घेतो तेव्हा तीच सत्ता त्याला तुरुंगात धाडते. पुढे आग्न्येश्का ही चित्रपटविद्येची विद्यार्थिनी त्याचा शोध घेऊ लागते, तेव्हा तो पुतळा संग्रहालयाच्या अडगळीत सापडतो. श्रमाचा देव्हारा मांडणाऱ्या राजवटीत श्रमिकाला मात्र वाचा नव्हती, हे वायदांनी सरकारी सेन्सॉरच्या नाकासमोर सांगितले.

दुसरा चित्रपट ऑगस्ट १९८० मधील ग्दान्स्कच्या जहाजकारखान्यातील संपाचा. आना वालेंतिनोविच या क्रेनचालक महिलेला निवृत्तीस काही महिने उरले असताना कामावरून काढले गेले आणि ठिणगी पडली. ३१ ऑगस्टच्या करारात २१ मागण्यांपैकी पहिली, स्वतंत्र कामगार संघटनेची, मान्य झाली आणि ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहिली. चित्रपटाच्या अखेरीस एक अधिकारी सांगतो, की दबावाखाली झालेला हा करार म्हणजे नुसता कागद आहे. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि ते शब्द खरे ठरले. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याआधीच, मे महिन्यात, या कृतीला मिळाले होते.

तिसरा चित्रपट लेक वालेसांचा अहंकार झाकत नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण तो संपतो नोव्हेंबर १९८९ मध्ये, अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणाने, टाळ्यांच्या गजरात. त्यानंतर दीडच महिन्याने, १ जानेवारी १९९० पासून, अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली. किमती मोकळ्या सोडल्या गेल्या. वेतन मात्र बांधून ठेवले गेले. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवणाऱ्या सरकारी कारखान्यावर दंडात्मक कर बसे. त्या एका वर्षात खरे वेतन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. समाजवादी काळात बेकारी कागदोपत्री नव्हतीच, कारण गरजेपेक्षा अधिक माणसे कारखान्यांच्या हजेरीपटावर असत. १९९० च्या अखेरीस नोंदणीकृत बेकार ११ लाखांवर गेले, १९९३ च्या अखेरीस सुमारे २९ लाखांवर. ज्या जहाजकारखान्यात सॉलिडॅरिटी जन्मली, त्याचे १९९६ मध्ये दिवाळे निघाले.

या काळातले नाट्य १९८० पेक्षा अधिक गहन आहे, असे आमचे मत आहे. १९८० मध्ये प्रतिपक्ष फाटकाबाहेर उभा होता. १९९० मध्ये सरकार सॉलिडॅरिटीतूनच आले होते आणि त्या सरकारवर छत्री धरण्याचे काम सॉलिडॅरिटीच करीत होती; ज्यांचा रोजगार जात होता तेही तिचेच सभासद होते. वेतनवाढ मागावी तर आपले सरकार अडचणीत येते, गप्प राहावे तर आपल्या माणसाची चूल विझते. शोकांतिकेला याहून अस्सल द्रव्य कोणते हवे?

कोणी म्हणेल, चरित्रपट कोठे संपवावा हा दिग्दर्शकाचा अधिकार आहे. ते मान्य. पोलंडची अर्थव्यवस्था १९९२ पासून वाढू लागली आणि रिकामी दुकाने भरली, हेही खरे. परंतु वायदा या घडामोडींना परके नव्हते. १९८९ ते १९९१ ते स्वतः सॉलिडॅरिटीच्या बाजूने सिनेटचे सदस्य होते. आम्ही त्यांच्या हेतूविषयी शंका घेत नाही. अपेक्षा एवढीच, की पुतळ्यामागचा माणूस कोठे गेला, हा १९७७ चा प्रश्न त्यांनी आपल्या बाजूच्या विजयालाही विचारायला हवा होता.

मराठी रसिकाला ही उणीव अधिक जाणवते, कारण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतरचे घर आपल्याला आतून दाखवले आहे. तेथे घोषणा थांबलेल्या असतात आणि माणसे एकमेकांवर उलटतात. वायदांच्या तिसऱ्या चित्रपटात असे घर नाही. आग्न्येश्का १९९३ साली पुन्हा कॅमेरा घेऊन निघाली असती, तर ती बेकारांच्या नोंदणी कार्यालयासमोरील रांगेत जाऊन उभी राहिली असती. त्रयीतला तो चौथा चित्रपट निघालाच नाही, ही खंत आम्हांला या थोर कलावंताविषयीच्या आदरापोटीच वाटते.