पाहुणा आणि प्रेक्षक

'सफर' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला; तोच शब्द अरबी गलबतांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. मूळ अर्थ प्रवास, एवढाच. गोऱ्या शिकाऱ्यांनी त्याला बंदूक चिकटवली आणि आपल्या पिढीने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला.

माझ्या धाकट्या भावाने पुढल्या ऑगस्टात केनियाला जाण्याचा बेत केला आहे आणि त्यात मलाही ओढले आहे. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप पाहायला हाच काळ चांगला म्हणतात. प्रवासाचे माहितीपत्रक त्याने मला धाडले. त्यात काय काय पाहायला मिळेल याची यादी होती : सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या, मासाई. मासाईंसाठी दीड तास राखून ठेवला होता. यादीतल्या गोष्टी एका जातीच्या असाव्यात, हे मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. म्हणून ही यादी वाचताना मी थबकलो आणि जाण्यापूर्वी या माणसांविषयी काही वाचावे असे ठरवले. माझे इंग्रजी शाळेपुरतेच. शब्दकोश शेजारी घेऊन दोन पुस्तके वाचून झाली. त्यांविषयीच येथे लिहितो आहे.

पहिले पुस्तक कॅरन ब्लिक्सन या डॅनिश लेखिकेचे 'आउट ऑफ आफ्रिका' (१९३७). न्गोंग टेकड्यांच्या पायथ्याशी तिचा कॉफीचा मळा होता आणि नदीपलीकडे मासाईंचा मुलूख. तिच्या शांत, थोड्या उदास शैलीचे मोल मी कमी लेखणार नाही. मासाईंना त्यांच्या जुन्या भूमीतून हलवले, तेव्हा त्यांनी तिथल्या टेकड्यांची, माळांची, नद्यांची नावे आपल्याबरोबर नेली आणि नव्या मुलखाला दिली, असे ती सांगते. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. धरणाखाली गाव गेल्यावर पुनर्वसनाच्या वसाहतीला गावाचे जुने नाव देणारी माणसे मी पाहिली आहेत.

परंतु याच लेखिकेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. मासाई तुरुंगात जगत नाही, तीन महिन्यांत मरतो, असे ती म्हणते. वाक्य मोठे देखणे आहे, पण पिंजऱ्यातल्या वनचराविषयी आपण असेच बोलतो. ब्रिटिशांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी मासाईंच्या जमिनी काढून घेतल्या, तेव्हा हे लोक नुसते झुरत बसले नव्हते. त्यांनी सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९१३ साली ती फेटाळली गेली, ही गोष्ट वेगळी. वकील गाठून दावा लावणारा मासाई ब्लिक्सनबाईंच्या चित्रात बसत नाही. तिचा मासाई भाला टेकून क्षितिजावर उभा असतो. तिचे कौतुक खरे आहे यात शंका नाही, पण कौतुकालाही माणसाला दूर उभे करता येते.

या दुराव्याची किंमत पुढे मोजावी लागली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांनी सेरेंगेटीवर पुस्तक लिहिले, चित्रपट काढला. राष्ट्रीय उद्यानात मनुष्यवस्ती असू नये, तिथल्या मूळच्या माणसांचीही नसावी, अशी त्यांची धारणा होती. १९५९ साली चित्रपट गाजला, आणि त्याच साली मासाईंना सेरेंगेटी सोडून शेजारच्या न्गोरोंगोरो भागात जावे लागले. ज्यांना आपण निसर्गचित्राचा भाग समजतो, त्यांना चित्रातून पुसणेही सोपे जाते.

दुसरे पुस्तक एका मासाईनेच लिहिलेले. हेन्री ओले कुलेत १९७१ पासून कादंबऱ्या लिहीत होते. २०२१ मध्ये ते वारले. त्यांची 'ब्लॉसम्स ऑफ द सव्हाना' ही कादंबरी २००८ ची. केनियातील माध्यमिक शाळांत ती काही वर्षे अभ्यासाला होती. नाकुरू शहरातली नोकरी सुटल्यामुळे एक गृहस्थ बायको आणि दोन मुलींना घेऊन नासिला या आपल्या मूळ गावी परततो. ताइयो आणि रेसियान या मुलींना विद्यापीठात शिकायचे आहे. गाव मात्र त्यांच्याकडे सुंता न झालेल्या मुली म्हणून पाहते आणि तसे तोंडावर बोलतेही. या रूढीला केनियाच्या कायद्याने २०११ साली बंदी केली. कादंबरी त्याआधीची आहे.

कलाकृती म्हणून तिच्यात दोष आहेत. धाकटीला मागणी घालणारा धनाढ्य खलपुरुष थेट पडद्यावरून उतरल्यासारखा वाटतो. पात्रे संकटातही लांब भाषणे करतात, आणि शेवट लेखकाने फार घाईने गोड केला आहे. पण मुलींची आई, मिलानोई, मला विसरता येत नाही. नवऱ्याची अब्रू आणि मुलींचे शरीर यांमध्ये ती सापडते, चुकीच्या बाजूला झुकते, आणि तरीही आपल्याला तिचा तिरस्कार करता येत नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट : शहरात वाढलेल्या या मुलींना मासाई संस्कृती शिकवण्यासाठी बाप एक शिक्षक नेमतो. मासाई मुलींनाही जी शिकवणीने शिकावी लागते, ती संस्कृती मी दीड तासात पाहणार होतो!

कुलेत आपल्या लोकांवर रागावतात, कारण ते त्यांचे आहेत. गाणी, गुरे, गोतावळा यांवर त्यांचे प्रेम आहे, आणि जे सोडले पाहिजे ते सोडा असे सांगण्याचे धैर्यही आहे. त्यांचे मासाई एकमेकांशी भांडतात.

इथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. माझी दुसरी कादंबरी एका ठाकरवाडीवर आहे. तिच्यातल्या 'वातावरणा'ची परीक्षणांत स्तुती झाली आणि मीही सुखावलो. त्याच वाडीतला माझा एक जुना विद्यार्थी ती वाचून आला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्यातले सगळे आहेत यात. पण कुणी कुणाशी भांडत नाही." त्याच्या स्वरात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही. मी त्याच्या वाडीत प्रेक्षक म्हणून गेलो होतो आणि स्वतःला पाहुणा समजत होतो.

आदर म्हणजे काय, हे मला आता थोडे कळते आहे. दुसऱ्याच्या रूढींची सरसकट वाहवा करणे म्हणजे आदर नव्हे, आणि आपण त्यांचे उद्धारक होऊन जाणे तर नव्हेच. त्यांच्या घरात मतभेद आहेत, ते त्यांचे त्यांना सोडवता येतात, आणि सोडवणारी माणसे तिथेच जन्मली आहेत, एवढे ओळखून उंबऱ्याशी थांबणे म्हणजे आदर.

भावाला मी कळवले आहे. जायचे, पण तो दीड तास यादीतून काढायचा. मारा अभयारण्याच्या भोवती मासाई कुटुंबांच्या मालकीची राने आहेत. ती भाड्याने घेऊन तिथे तळ चालवतात आणि भाडे त्या कुटुंबांना मिळते. अशा ठिकाणी दोन रात्री राहायचे. कुणाच्या वस्तीत बोलावले तर जायचे, आणि द्यायचे पैसे कुणाच्या हाती पडतात ते आधी विचारायचे. परवानगीवाचून छायाचित्र घ्यायचे नाही. शेणाने लिंपलेल्या भिंती पाहून नवल करायचे नाही. आमच्या आजीचे घर तसेच होते. तिथे लहान मूल वडीलधाऱ्यापुढे डोके वाकवते आणि वडील त्यावर हात ठेवतात, असे वाचले आहे. हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि गणवेशातली एखादी मुलगी वाटेत भेटली, तर कॅमेरा पिशवीत ठेवून तिला मी विचारणार आहे, की यंदा शाळेत कुठली कादंबरी लावली आहे, आणि ती तिला आवडली का.